उन्हाळी म्हणून सोडू नका

हुबळीच्या गोकुळ रोडवर एप्रिल-मे महिन्यांत लघवीला जळजळ होण्याची तक्रार नवी नाही. औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहून काम करणारे, नव्या बसस्टँडवरून गाड्या घेऊन निघणारे चालक-वाहक, विमानतळाच्या भाड्यांसाठी थांबलेले टॅक्सीवाले, माल उतरवून परतीच्या फेरीची वाट पाहणारे ट्रकवाले. ऊन जास्त आणि पाणी कमी. जळजळ सुरू झाली की निदान ठरलेलं असतं, 'उन्हाळी लागली'. मग सब्जा, धन्याचं पाणी, ताक सुरू होतं. पुष्कळदा ती खरोखर उन्हाळीच असते आणि भरपूर पाणी प्यायल्यावर दिवस-दोन दिवसांत जातेही.

हा लेख उरलेल्यांसाठी आहे. जळजळीसोबत ज्यांच्या अंतर्वस्त्रावर डाग पडतो, सकाळी उठल्यावर लिंगाच्या टोकाशी थेंब दिसतो किंवा ते टोक चिकटलेलं असतं, आणि ज्यांचा मागच्या काही आठवड्यांत कंडोमशिवाय संबंध आला आहे, त्यांच्यासाठी. जळजळीचं कारण तेव्हा ऊन नसून संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते. तरुण पुरुषाला मूत्रमार्गाचा साधा जंतुसंसर्ग बाईइतक्या सहजी होत नाही. म्हणून पंचविशी-तिशीतल्या माणसाच्या जळजळीत डॉक्टर लैंगिक संसर्गाचा विचार आधी करतात.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. या आजारांत लक्षण गेलं म्हणजे आजार गेला, असा हिशेब चालत नाही. पू आपोआप कमी होतो, फोड आपोआप सुकतो, जळजळ दोन गोळ्यांत थांबते. जंतू मात्र आत राहू शकतात, पुढे सरकतात आणि जोडीदाराकडे जातात. म्हणून लक्षण दिसेल तेव्हाच त्याची दखल घ्यायची, ते थांबण्याची वाट पाहायची नाही.

दोन जंतू, दोन तऱ्हा

पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येण्यामागे बहुतेक वेळा दोन जंतूंपैकी एक किंवा दोन्ही असतात. पहिला गोनोरियाचा, आपल्याकडच्या जुन्या बोलीत ज्याला परमा म्हणतात त्याचा. अल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने तो १८७९ साली शोधला. दुसरा क्लॅमिडिया. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण प्रमाण त्याचंच अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभर १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडियाचे सुमारे १२.९ कोटी आणि गोनोरियाचे सुमारे ८.२ कोटी नवे संसर्ग झाले. तेव्हा हा आजार विशिष्ट वस्तीत जाणाऱ्यांचा किंवा विशिष्ट धंद्यातल्यांचा, हा समज बाजूला ठेवा. तो कुणालाही होतो आणि वेळेवर उपचार घेतले तर पूर्ण बरा होतो.

परमा लवकर आणि जोरात दिसतो. संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांनी, लघवी करताना आग होते. घट्ट, पिवळट किंवा हिरवट पू येऊ लागतो. अंतर्वस्त्रावर डाग पडतात आणि लघवीच्या छिद्राच्या कडा लाल होऊन सुजतात. बहुतेक पुरुषांत तो असा उघड असतो, त्यामुळे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

क्लॅमिडिया सावकाश येतो, एक ते तीन आठवड्यांनी. स्राव पातळ, पाण्यासारखा किंवा किंचित पांढरट, तोही अनेकदा फक्त सकाळच्या पहिल्या लघवीआधी. जळजळ सौम्य असते. कधी छिद्राच्या आत नुसती खाज किंवा टोचल्यासारखं वाटतं. बऱ्याच पुरुषांना काहीच जाणवत नाही. 'मला काही त्रास नाही, म्हणजे मला काही नाही' हे वाक्य म्हणूनच या आजाराला लागू पडत नाही. ज्याच्यासोबत संबंध आला त्या व्यक्तीला संसर्ग निघाला, तर तुम्हाला एकही लक्षण नसलं तरी तपासणी करून घ्यावी लागते.

मुखमैथुनातून हे दोन्ही जंतू घशात आणि गुदमैथुनातून गुदद्वारात जाऊ शकतात. घशातला संसर्ग बहुधा गप्प असतो. गुदद्वारातल्या संसर्गात शौचाच्या वेळी दुखणं, चिकट स्राव किंवा रक्त दिसू शकतं आणि मूळव्याध समजून मलम लावलं जातं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. प्रौढांमधले परस्परसंमतीचे असे संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेले नाहीत, आणि कुठून नमुना घ्यायचा हे डॉक्टरांना तुमच्या उत्तरावरूनच कळतं.

जे दिसतं ते सगळंच संसर्ग नसतं

दवाखान्यात घाबरून येणाऱ्यांत एक मोठा गट 'धातू जाते' म्हणणाऱ्यांचा असतो. बद्धकोष्ठ असताना शौचाला जोर केला की दोन थेंब पांढरट, चिकट द्रव येतो. तो प्रोस्टेट ग्रंथीचा किंवा वीर्याचा असतो आणि तो आजार नव्हे. झोपेत वीर्यस्खलन होणं, उत्तेजित झाल्यावर पारदर्शक चिकट थेंब येणं, हेही निरोगी शरीराचंच काम. पू ओळखायचा तो असा: उत्तेजना नसताना येतो, कपड्यावर पिवळट डाग सोडतो आणि बहुधा जळजळ सोबत आणतो.

लिंगाच्या टोकावर लाली, खाज, पांढरा थर आणि कातडीला बारीक चिरा पडल्या असतील तर ते बहुधा बुरशीचं काम. चाळिशीच्या आसपासच्या माणसाला असा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाचा पत्ता अनेकांना इथूनच लागतो. कमरेतून जांघेकडे उतरणारी कळ आणि लघवीत रक्त असेल तर मुतखड्याचा संशय घ्यावा. पन्नाशीनंतर धार बारीक होणं, रात्री वारंवार उठावं लागणं यामागे बहुधा प्रोस्टेट असते. लिंगाच्या टोकाच्या कडेने एका रांगेत असलेले, वर्षानुवर्षं तसेच राहिलेले बारीक दाणे हा नैसर्गिक रचनेचा भाग आहे.

आणखी एक समज खोडून काढायला हवा. बसस्टँडच्या घाणेरड्या मुतारीतून परमा होत नाही. हा जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. तो संबंधातून येतो. मुतारीला दोष देऊन मनाची समजूत घालता येते, पण त्यात उपचाराचे दिवस निघून जातात.

फोड, जखम आणि गाठ

पू नसून जखम असेल तर यादी बदलते. न दुखणारी, कडक कडांची एकच जखम ही सिफिलिसची खूण असू शकते. आपल्याकडे याला गर्मी किंवा उपदंश म्हणतात. ती संबंधानंतर सरासरी तीन आठवड्यांनी उठते, पण ही मुदत दहा ते नव्वद दिवस अशी लांबू शकते. जखम दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. तीन ते सहा आठवड्यांत उपचाराशिवाय बुजतेही आणि इथेच माणूस फसतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात आणि तळपायांवर, न खाजणारे डाग येतात. त्यांचा त्या बुजलेल्या जखमेशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. वर्षांनंतर हाच रोग हृदय, मेंदू आणि डोळ्यांपर्यंत जाऊ शकतो. वेळेवर दिलेलं पेनिसिलिनचं इंजेक्शन यावर आजही उत्तम काम करतं.

बारीक, पाण्याने भरलेल्या, दुखणाऱ्या, फुटून पुन्हा पुन्हा येणाऱ्या फोडांचा घोस असेल तर हर्पिसचा विचार होतो. कोबीच्या गड्ड्यासारखे खडबडीत मांसल उंचवटे म्हणजे चामखिळी. जांघेत बद आली, म्हणजे गाठ सुजून दुखू लागली, तर ती फोडू नका आणि शेकत बसू नका. या सगळ्यांवरची औषधं वेगवेगळी आहेत. त्यामुळे मित्राला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेल याची खात्री नाही.

पुढचं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका:

• एका बाजूचं वृषण अचानक जोरात दुखू लागलं, सोबत मळमळ किंवा उलटी. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीत जा.
• वृषण हळूहळू सुजून तापासह दुखतंय. संसर्ग मूत्रमार्गातून वर चढल्याची ही खूण असू शकते.
• लघवी अडली आहे.
• पू येत असतानाच ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ.
• पू लागलेला हात डोळ्याला लागून डोळा लाल होऊन घाण येऊ लागली आहे.

गोकुळ रोडवरून कुठे जायचं

बहुतेकांना पहिला अडसर हाच वाटतो: कोणत्या डॉक्टरकडे जायचं? उत्तर सोपं आहे, त्वचारोगतज्ज्ञाकडे. कातडीच्या डॉक्टरांच्या शिक्षणात लैंगिक संसर्गाचा विषय मुळातच असतो. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'स्किन' लिहिलेलं असतं, त्यामुळे रांगेत बसलेल्या माणसाला तुम्ही कशासाठी आलात याचा पत्ताही लागत नाही. मूत्रविकारतज्ज्ञही चालतील. जवळचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर असतील तर सुरुवात तिथून करायलाही हरकत नाही.

सरकारी सोय हवी असेल तर विद्यानगरातलं, किम्स म्हणून ओळखलं जाणारं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय जवळ आहे. गोकुळ रोडवरून होसूरला येऊन हुबळी-धारवाडची 'चिगरी' बस धरली की किम्सच्या थांब्यावर उतरता येतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये लैंगिक संसर्गासाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालवली जातात. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. एचआयव्हीची तपासणीही सरकारी केंद्रात मोफत होते. फोनवर आधी विचारायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून कामाला आलेल्या मराठी माणसाला कन्नड अडते, आणि नाजूक विषयात तर जास्तच. हुबळीत मराठी-हिंदी समजणारे पुष्कळ भेटतात, तरी दोन शब्द लक्षात ठेवा. लघवीची जळजळ म्हणजे 'उरिमूत्र' आणि पू म्हणजे 'कीवु'. एवढ्यावर डॉक्टर पुढचे प्रश्न स्वतः विचारतील. तेही नको वाटलं तर कागदावर चार ओळी लिहून न्या: त्रास कधीपासून, शेवटचा संबंध कधी आणि कंडोम होता का, आधी कोणती गोळी घेतली, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. हीच माहिती डॉक्टरांना सर्वांत आधी लागते.

गुप्ततेची भीती रास्त आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. रुग्णाची माहिती जपणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि कायद्यात सांगितलेले अपवाद सोडले तर तुमचा निकाल इतरांना सांगता येत नाही.

कुठे जायचं नाही हेही सांगायला हवं. बसस्टँडजवळच्या भिंतींवर आणि शौचालयांच्या दारांवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' असं छापलेले कागद चिकटवलेले दिसतात. परमा-गर्मी बरी करण्याचा दावा करणाऱ्या अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तिथे होणारं निदान बहुधा 'कमजोरी' हेच असतं आणि उपचार महिनोन्महिने चालतो.

मराठीत या विषयावर उघड बोलण्याची वाट जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे त्यांनी त्या काळात साध्या मराठीत लिहिलं आणि त्यांच्या लिखाणासाठी खटलेही सोसले. आपल्याला आज निदान डॉक्टरांच्या खोलीत दार लावून बोलता यायला हवं.

लघवीचा नमुना नीट द्या

तपासणी इथेच अनेकदा फसते. आपल्याला सवय असते ती 'मधल्या धारेची' लघवी देण्याची. मूत्रमार्गातल्या या जंतूंसाठी मात्र पहिली धार लागते, कारण ते नळीच्या भिंतीला चिकटून असतात आणि पहिल्या धारेबरोबर धुऊन बाहेर येतात. नमुना देण्याआधी निदान एक तास, जमल्यास दोन तास, लघवी करू नका. सुरुवातीची साधारण २० ते ३० मिलिलिटर लघवी डबीत घ्या. गोनोरिया-क्लॅमिडियासाठीची जनुकीय तपासणी याच नमुन्यावर होते. पू येत असेल तर त्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि परम्याचं निदान बऱ्याचदा त्याच दिवशी होतं.

साध्या लघवी-तपासणीत 'पस सेल्स वाढलेले' एवढंच लिहून आलं तर समाधान मानू नका. ते कशामुळे वाढले हा प्रश्न उरतोच. नेहमीच्या लघवी-कल्चरमध्ये क्लॅमिडिया उगवत नाही, त्यामुळे कल्चर 'निल' आला म्हणजे संसर्ग नाही असं होत नाही. लघवीसोबत रक्ताच्या तपासण्याही करून घ्या: सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी. एक संसर्ग ज्या वाटेने आला त्याच वाटेने दुसराही येऊ शकतो. एचआयव्हीची तपासणी लवकर केली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. धोक्याचा संबंध नुकताच आला असेल आणि ७२ तास उलटले नसतील तर एचआयव्ही रोखणारा २८ दिवसांचा औषधक्रम सुरू करता येतो. त्यासाठी लगेच मोठं सरकारी रुग्णालय गाठा.

औषध दुकानाच्या काउंटरवर थांबू नका

'जळजळीवर काहीतरी द्या' म्हणून मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या जातात. त्या बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या असतात, आणि भारतातल्या परम्याच्या जंतूंवर हे औषध आता जवळपास निकामी झालं आहे. जळजळ तात्पुरती कमी होते, जंतू टिकतो आणि नंतर तपासणीतही नीट सापडत नाही. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन ही औषधं एच-वन अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. 'खाजेसाठी' मिळणारी तीन-चार औषधांची मिश्र मलमंही टाळा. त्यांतल्या स्टेरॉइडने लाली दबते आणि बुरशी पसरते.

सरकारी दवाखान्यात लक्षणांनुसार रंगीत पाकिटांतून औषध देण्याची पद्धत आहे. मूत्रमार्गातून पू येणाऱ्यांचं पाकीट करड्या रंगाचं असतं. त्यात परमा आणि क्लॅमिडिया दोन्हींवरची औषधं एकत्र असतात, कारण दोन्ही बरोबर असणं नवल नाही आणि निकालाची वाट पाहण्यात दिवस घालवायचे नसतात. खासगी डॉक्टर इंजेक्शन आणि सात दिवसांच्या गोळ्या देऊ शकतील. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सातही दिवसांच्या गोळ्या संपवा. उपचार पूर्ण झाल्यावर आठवड्याने पू किंवा जळजळ शिल्लक असेल तर परत जा. औषधाला न जुमानणारा जंतू असू शकतो किंवा कारण वेगळं असू शकतं.

अर्धवट उपचाराची किंमत पुढे मोजावी लागते. मूत्रमार्गात व्रण होऊन धार बारीक होते, वृषणाजवळच्या नळ्यांना सूज येऊन मूल होण्यात अडचण येऊ शकते.

घरी सांगणं

सर्वांत अवघड भाग हाच, आणि तो टाळला तर वरचं सगळं वाया जातं. तुम्ही बरे झालात आणि पत्नीला किंवा जोडीदाराला औषध मिळालं नाही, तर संसर्ग तिच्याकडून परत तुमच्याकडे येतो. बाईला यात अनेकदा काहीच लक्षण दिसत नाही, पण नुकसान तिचंच जास्त होतं. गर्भाशय आणि गर्भनलिकांना सूज, ओटीपोटात कायमचं दुखणं, वंध्यत्व, गर्भ नलिकेतच राहण्याचा धोका. ती गरोदर असेल तर बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो, आणि सिफिलिस असेल तर मूल पोटातच दगावू शकतं. लक्षणं सुरू होण्याआधीच्या सुमारे दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला, त्या सगळ्यांना उपचाराची गरज असते.

सांगायचं कसं? सरळ आणि थोडक्यात. 'मला लघवीच्या मार्गाचा संसर्ग झालाय, तो संबंधातून पसरतो, डॉक्टरांनी दोघांना औषध घ्यायला सांगितलंय.' पुढच्या प्रश्नांना खोटी उत्तरं देऊ नका. जमत नसेल तर सुरक्षा क्लिनिकच्या समुपदेशकाला दोघांशी बोलायला सांगा, ते त्यांचं कामच आहे. आणि संशयाने भांडण पेटण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की क्लॅमिडिया महिनोन्महिने गप्प राहू शकतो. कुणी कुणाला कधी दिला हे तपासणीच्या कागदावरून ठरत नाही. तो कागद भांडणाचा पुरावा म्हणून वापरू नका, आणि पत्नीला आधी लक्षण दिसलं म्हणून तिच्यावर आळ घेऊ नका.

उपचार सुरू असताना, आणि एकाच डोसचं औषध असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध टाळा. जोडीदाराचा उपचारही पूर्ण होऊ द्या. त्यानंतर बाहेरच्या प्रत्येक संबंधात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कंडोम वापरा. सरकारी दवाखान्यात निरोध मोफत मिळतो. कंडोमने परमा, क्लॅमिडिया आणि एचआयव्हीचा धोका खूप कमी होतो. हर्पिस आणि सिफिलिसची जखम कंडोमने न झाकलेल्या जागी असेल तर धोका उरतो, म्हणून जखम दिसताच थांबा.

शेवटी तीन महिन्यांनंतरची एक तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पुन्हा संसर्ग होणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, म्हणून तेव्हा लघवीची आणि एचआयव्हीची तपासणी परत करायची असते. त्या दिवशी जळजळ नसेल, डाग नसेल, ऊनही उतरलेलं असेल, तरी जायचं. बरं वाटणं आणि बरं असणं यांतला फरक त्या दिवशीच्या कागदावर कळेल.